फ्युचर स्कोप

मे महिना लागला की इंजिनिअरिंग कॉलेजांच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. शेवटच्या वर्षाची पोरं पेन ड्राइव्ह मुठीत धरून रांगेत उभी असतात. काउंटरवर डिंकाचा आणि रेक्झिनचा वास असतो, आणि आतल्या अंगाला एक माणूस काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं दाबत बसलेला असतो. प्रोजेक्ट रिपोर्टची बांधणी चालू असते. मुंबईकडची पोरं त्याला 'ब्लॅक बुक' म्हणतात.

ब्लॅक बुकचा साचा ठरलेला. आधी सर्टिफिकेट, मग गाइड, एचओडी आणि प्रिन्सिपॉल यांचे त्याच क्रमाने मानलेले आभार, मग आधीच्या लोकांनी काय केलं त्याचा आढावा, ब्लॉक डायग्राम, स्क्रीनशॉट. संपता संपता एक प्रकरण येतं, त्याचं नाव 'फ्युचर स्कोप'. हे बहुधा सबमिशनच्या आदल्या रात्री लिहिलं जातं. हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम असो की लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम, पुढे ती मोबाइलवर आणता येईल, क्लाउडवर नेता येईल, तिच्यात कृत्रिम बुद्धिमत्ता घालता येईल, असं त्यात लिहिलेलं असतं. यातलं काहीही होणार नाही हे लिहिणाऱ्याला माहीत असतं, वाचणाऱ्या एक्स्टर्नललाही माहीत असतं. व्हायव्हा झाली, चहा-सामोसे झाले, की प्रोजेक्ट संपतो.

या लेखात एका वेगळ्याच फ्युचर स्कोपची गोष्ट सांगायची आहे. हेलसिंकी विद्यापीठातल्या संगणकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या प्रोजेक्टची माहिती चार ओळखी-अनोळखी लोकांना कळवली. आपण एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितो आहोत, पण हा निव्वळ छंद आहे, त्यातून मोठं असं काही व्हायचं नाही, असं त्याने लिहिलं. ती दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेता येणार नाही. आणि माझ्याकडे आहे त्या प्रकारच्या हार्ड डिस्कखेरीज दुसरी कुठली हार्ड डिस्क तिला बहुधा कधीच चालवता येणार नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

विद्यार्थ्याचं नाव लीनुस टोरवाल्ड्स, वय २१. प्रोजेक्टचं नाव पुढे पडलं लिनक्स. तुमच्या हातातला फोन अँड्रॉइडचा असेल तर त्याच्या बुडाशी लिनक्स आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सखेरीज दुसरं काही उरलेलं नाही. १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर उडालेलं 'इंजेन्युइटी' हे छोटं हेलिकॉप्टरही लिनक्सवरच चालत होतं. फ्युचर स्कोप इतका चुकलेला दुसरा प्रोजेक्ट मला माहीत नाही.

तो का चुकला, हे शोधायला गेलं की बुद्धिमत्तेपेक्षा अडचणींचीच यादी हाती लागते.

आजोबांचं यंत्र

लीनुसचा जन्म २८ डिसेंबर १९६९चा. घर पत्रकारांचं. वडील नील्स आणि आई आन्ना दोघंही बातमीदारीत, वडिलांचे वडील ओले टोरवाल्ड्स कवी आणि पत्रकार. फिनलंडमध्ये स्वीडिश बोलणारे लोक शंभरात जेमतेम पाच-सहा. हे घर त्यांतलं. अशा अल्पसंख्य समाजात सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि घरातला मुलगा बोलका निघाला नाही तर त्याचीही चर्चा होते. हा मुलगा बोलका नव्हता. याला चांगल्या संगणकासह एका कपाटात कोंडावं आणि अधूनमधून थोडा कोरडा पास्ता आत टाकावा, म्हणजे तो खूश, असं त्याची आई गमतीने म्हणायची.

संगणक त्याच्या आयुष्यात आणला आईच्या वडिलांनी. लेओ टॉर्नक्विस्ट हे हेलसिंकी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. किंमतींचा निर्देशांक काढण्याची त्यांच्या नावाची रीत अर्थशास्त्रात आजही शिकवली जाते. १९८१च्या सुमारास त्यांनी कमोडोर व्हीआयसी-२० नावाचा घरगुती संगणक विकत घेतला. त्यात प्रोग्राम लिहायला जागा किती, तर साडेतीन किलोबाइट. आज व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सुप्रभाताच्या एका फुलात यापेक्षा जास्त माल असतो. आजोबा कागदावर बेसिक भाषेत प्रोग्राम लिहायचे आणि मांडीवर बसलेला अकरा वर्षांचा नातू ते टाइप करायचा. आजोबांना कळा दाबायचा कंटाळा होता, की नातवाला शिकवायचं होतं, कोण जाणे. आपल्याकडे आजोबा नातवाकडून परवचा म्हणून घ्यायचे, त्यातलाच हा प्रकार.

आजोबा गेल्यावर यंत्र नातवाकडे आलं. पुढे त्याने पैसे साठवून सिंक्लेअर क्यूएल घेतला. हा ब्रिटिश संगणक बाजारात पडला होता आणि फिनलंडमध्ये तर त्याचे प्रोग्राम मिळणंच मुश्कील. लीनुसला एडिटर हवा होता, तो त्याने लिहिला. असेंब्लर हवा होता, तोही लिहिला. फ्लॉपी चालवणारं कार्ड घेतलं, पण सोबत आलेला ड्रायव्हर चांगला नव्हता. मग ड्रायव्हर लिहिला. क्यूएलची ऑपरेटिंग सिस्टीम चिपमध्ये कोरलेली होती, त्यामुळे तिच्यातल्या चुका दिसत असून दुरुस्त करता येत नव्हत्या. दिसणारी चूक हात घालून काढता येऊ नये, हा राग त्याच्या मनात तिथूनच बसला असणार.

ज्या यंत्राला सगळं आयतं मिळतं, ते यंत्र मुलाला फार तर खेळ शिकवतं. क्यूएलने या पोराला उपाशी ठेवलं, म्हणून तो स्वयंपाक शिकला.

हप्त्यांवरचा ३८६

१९८८ साली तो हेलसिंकी विद्यापीठात दाखल झाला. मधली अकरा महिन्यांची सक्तीची लष्करी सेवा आटोपून परत आला, तेव्हा वाचायला एक जाडजूड पुस्तक घेतलं: अँड्र्यू टॅननबॉम यांचं ऑपरेटिंग सिस्टीमवरचं १९८७चं पाठ्यपुस्तक. टॅननबॉम हे ॲमस्टरडॅमच्या फ्राय विद्यापीठातले प्राध्यापक. शिकवण्यासाठी म्हणून त्यांनी मिनिक्स नावाची एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः लिहिली होती आणि तिचा सोर्स कोड पुस्तकातच छापला होता.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. त्याचं काम लग्नघरातल्या एखाद्या जाणत्या काकांसारखं असतं. कोठीच्या किल्ल्या काकांच्या कमरेला. आचाऱ्याला तूप किती द्यायचं, वाढपी पंगतीत कधी सोडायचे, एकाच खोलीत दोन कुटुंबं उतरवली जाऊ नयेत, बाथरूमसाठी कोणाचा नंबर आधी, हे सगळं ते पाहतात. पाहुण्यांना काका दिसतही नाहीत. दिसले तर समजावं, कुठे तरी घोटाळा झाला आहे. संगणकातले प्रोग्राम म्हणजे पाहुणे. मेमरी, प्रोसेसरचा वेळ, डिस्कवरची जागा कुणाला किती द्यायची ते कर्नल ठरवतो.

लीनुस लष्करातून परतला त्याच वर्षी विद्यापीठात युनिक्स चालवणारं एक मायक्रोव्हॅक्स यंत्र आलं. एका वेळी सोळा जणांना बसता येई, त्यामुळे रांग लागायची. लीनुसला युनिक्स घरी हवं होतं. जानेवारी १९९१मध्ये त्याने इंटेलच्या ३८६ प्रोसेसरचा पीसी घेतला: वेग ३३ मेगाहर्ट्झ, मेमरी ४ मेगाबाइट, हार्ड डिस्क ४० मेगाबाइट. नाताळात मिळालेले पैसे आणि शिक्षणाचं कर्ज लावून काही रक्कम भरली, बाकीची तीन वर्षांच्या हप्त्यांवर. मागवलेल्या मिनिक्सच्या १६ फ्लॉप्या येईपर्यंत तो 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळत बसला. हा तपशील मला फार धीर देतो.

मिनिक्स आलं, चढवलं, आणि त्यातली एक गोष्ट त्याला खटकली. मोडेमवरून विद्यापीठाच्या यंत्राशी बोलणारा टर्मिनल एम्युलेटर, म्हणजे घरच्या पीसीला दूरच्या यंत्राचा पडदा आणि कीबोर्ड बनवणारा प्रोग्राम, धड नव्हता. सवयीप्रमाणे त्याने ठरवलं, आपणच लिहू. आणि ३८६ची चिप आतून कळावी म्हणून तो मिनिक्सवर न लिहिता थेट यंत्राच्या अंगावर लिहायचा, खाली कुठलीच ऑपरेटिंग सिस्टीम न घेता.

ए आणि बी

टर्मिनलला एकाच वेळी दोन कामं करावी लागतात. एक, कीबोर्डवर दाबलेलं अक्षर मोडेमकडे पाठवायचं. दोन, मोडेमवरून आलेलं अक्षर पडद्यावर दाखवायचं. प्रोसेसर एकच, तेव्हा तो क्षणभर इकडे, क्षणभर तिकडे असा फिरवायला हवा. हे जमतं का पाहायला लीनुसने दोन तुकडे लिहिले. एक पडद्यावर नुसता 'ए' छापत राहणार, दुसरा नुसता 'बी'. ए-ए-ए-ए, मग बी-बी-बी-बी, मग पुन्हा ए. ओळी आपोआप बदलू लागल्या तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं. त्याने धाकट्या बहिणीला, साराला, बोलावून दाखवलं. तिने पाचेक सेकंद पडद्याकडे पाहिलं, 'छान' म्हटलं आणि निघून गेली.

साराचं काही चुकलं नाही. पण लग्नघरातले काका त्या पडद्यावर पहिल्यांदा उभे राहिले होते. दोन पाहुण्यांना आळीपाळीने वाढणं त्यांना जमलं होतं.

पुढचं सगळं अडत-अडत घडत गेलं. टर्मिनल चालू लागला, आता विद्यापीठाच्या यंत्रावरून फाइली उतरवून घ्याव्यात असं वाटलं. उतरवलेली फाइल ठेवायची कुठे? डिस्कवर. म्हणजे डिस्क चालवणारा ड्रायव्हर हवा. डिस्कवर मिनिक्सच्या पद्धतीने फाइली मांडलेल्या, म्हणजे ती मांडणी वाचता-लिहिता यायला हवी. एवढं झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण टर्मिनल लिहायला बसलो होतो आणि ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत सुटलो आहोत. जुलै १९९१मध्ये तो युनिक्ससारख्या प्रणालींच्या पॉसिक्स या प्रमाणकाचे नियम कुठे मिळतील याची चौकशी करत होता. ऑगस्टमध्ये ती सुप्रसिद्ध घोषणा. १७ सप्टेंबरला पहिली आवृत्ती, क्रमांक ०.०१. सुमारे दहा हजार ओळी. आवृत्तीचा क्रमांकच सांगत होता की काम जेमतेम एक टक्का झालं आहे.

या दहा हजार ओळी एकट्या कशाच्याच कामाच्या नव्हत्या, हेही सांगायला हवं. त्या चालू करायला लागणारा कंपायलर आणि कमांडा घेणारा शेल ही रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पाची देणगी. तो प्रकल्प १९८३ सालीच जाहीर झाला होता. त्याच्याकडे बरंच सामान तयार होतं, फक्त कर्नल नव्हता. मांडव, आचारी, भांडी सगळं हजर होतं आणि काका यायचे होते, अशा मुहूर्तावर हे पोर पोचलं. सोबतीला वर्गमित्र लार्स विर्झेनियस होता, तोही स्वीडिशभाषक. कर्नलमधून पडद्यावर मजकूर छापण्यासाठी लागणारं एक फंक्शन त्याने लिहून दिलं होतं.

नावाचीही गंमत आहे. लीनुसने मनात 'फ्रीक्स' असं काहीतरी योजलं होतं. स्वतःचं नाव देणं त्याला मिरवल्यासारखं वाटत होतं. फाइली ज्या सर्व्हरवर ठेवायच्या तो सांभाळणाऱ्या आरी लेम्के यांना ते नाव आवडलं नाही. त्यांनी फोल्डरला परस्पर 'लिनक्स' नाव देऊन टाकलं. बारसं आत्याने करावं तसं.

चुकीचा नंबर

एखादा प्रोजेक्ट छंद न राहता कधी गळ्यात पडतो? लिनक्सच्या बाबतीत तो क्षण ठाऊक आहे. १९९१ सरण्याआधी एके दिवशी लीनुसला विद्यापीठाला फोन लावायचा होता. मोडेमला द्यायची कमांड त्याने चुकून हार्ड डिस्ककडे पाठवली. डिस्कने ती निमूटपणे लिहून घेतली, नेमकी मिनिक्सच्या नाजूक जागेवर. मिनिक्स गेलं. आतापर्यंत तो लिनक्स लिहीत होता, पण मिनिक्सच्या अंगणात उभा राहून. आता दोन वाटा होत्या: सोळा फ्लॉप्या काढून मिनिक्स पुन्हा चढवायचं, किंवा आपल्या अर्ध्या घरात राहायला जायचं. तो राहायला गेला. छप्पर गळत असलं की माणूस दुरुस्तीचा फार वेळ कंटाळा करत नाही.

त्याच वर्षीच्या नाताळात जर्मनीतल्या एका वापरकर्त्याची अडचण त्याच्याकडे पोचली. त्या गृहस्थांच्या पीसीत मेमरी होती फक्त २ मेगाबाइट, आणि तेवढ्यात कंपायलर चालेना. लीनुसकडे चार मेगाबाइट होते, म्हणजे त्याचं काही अडलेलं नव्हतं. तरी त्याने सुट्टीत बसून मेमरी अपुरी पडली की डिस्कचा एक भाग मेमरीसारखा वापरायची सोय लिहून काढली. मिनिक्समध्ये ती सोय नव्हती. जानेवारी १९९२मध्ये ती सगळ्यांना मिळाली आणि लोक मिनिक्स सोडून इकडे येऊ लागले. आतापर्यंत स्वतःच्या अडचणी सोडवणारा मुलगा या सुट्टीत पहिल्यांदा दुसऱ्याच्या अडचणीसाठी बसला. लिनक्सचा विद्यार्थी-प्रोजेक्ट तिथे संपला आणि सार्वजनिक काम सुरू झालं, असं मला वाटतं.

लोक विचारायचे, पैसे पाठवू का? तो म्हणायचा, तुमच्या गावचं पोस्टकार्ड पाठवा. आईच्या फ्लॅटवर जगभरातून पोस्टकार्डं येऊ लागली. ए आणि बी पाहून पाठ फिरवणारी सारा आता मात्र चकित झाली. पीसीच्या हप्त्यांचं ओझं होतंच. पीटर ॲनव्हिन या वापरकर्त्याने लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि १९९३ संपेपर्यंत ते ओझं बहुतांशी उतरलं. गणपतीची वर्गणी काढलेल्या वाचकाला त्यातला आनंद आणि कटकट, दोन्ही समजावून सांगायला नको.

लायसन्सची गोष्ट थोडी गंभीर आहे. सुरुवातीला त्याने अट घातली होती की या कामावर कुणी पैसे घ्यायचे नाहीत. पण फ्लॉपीचीही किंमत असते. संगणकमेळ्यांत लिनक्सच्या प्रती वाटणाऱ्यांना निदान तेवढी तरी वसूल करायची होती. मग १९९२च्या सुरुवातीला त्याने ग्नूचं जीपीएल हे लायसन्स स्वीकारलं. त्याचा मतलब साधा आहे: घ्या, विका, बदला, पण बदलून दुसऱ्याला दिलंत तर बदललेला कोडही उघडा द्या. घरातल्या विहिरीवर कुणीही पाणी भरावं, फक्त विहिरीला कुलूप घालू नये.

मास्तरांचा शेरा

२९ जानेवारी १९९२ रोजी खुद्द टॅननबॉम यांनी लिनक्सवर जाहीर शेरा मारला. त्याचा मथळाच होता, लिनक्स कालबाह्य आहे. लीनुस ज्यांचं पुस्तक वाचून इथवर आला, तेच हे गुरुजी. आक्षेप दोन होते. पहिला रचनेवर. लिनक्समध्ये सगळ्या किल्ल्या एकाच काकांच्या कमरेला होत्या. टॅननबॉम यांच्या मते हा प्रकार सत्तरच्या दशकात शोभला असता. आता काकांनी फक्त निरोप पोचवावेत. कोठी एकाने सांभाळावी, खोल्या दुसऱ्याने, म्हणजे एक कोसळला तरी लग्न पार पडतं. दुसरा आक्षेप, हे सगळं एकाच ३८६ चिपला जखडलेलं आहे, दुसऱ्या यंत्रावर जाणार नाही. पुढे त्यांनी हेही सुनावलं की तू माझा विद्यार्थी नाहीस हे तुझं नशीब, अशा रचनेला माझ्याकडे काही फार मार्क मिळाले नसते.

लीनुसने तडकून उत्तर दिलं, मिनिक्समधल्या उणिवा काढल्या, आणि दुसऱ्या दिवशी आवाज चढल्याबद्दल माफीही मागितली. मुद्दा मात्र सोडला नाही. आपल्याकडे व्हायव्हात पोरगं एक्स्टर्नलशी असं बोललं तर काय होईल, याची कल्पना वाचकांनी करावी.

यात मास्तर खलनायक नव्हते. मिनिक्स त्यांनी मुद्दाम लहान ठेवलं होतं. एका सत्रात विद्यार्थ्याच्या डोक्यात मावलं पाहिजे, स्वस्तातल्या पीसीवर चाललं पाहिजे, म्हणून लोकांनी सुचवलेल्या सुधारणा ते घेत नसत. शिक्षक म्हणून हे बरोबरच होतं. पण त्या सुधारणा हातात घेऊन उभे असलेले लोक कुठे तरी जाणारच होते. पलीकडच्या दारात एक पोर 'आणा इकडे' म्हणत उभं होतं. एका परीने लिनक्स उभं राहिलं ते मिनिक्सने नाकारलेल्यांच्या बळावर. काळानेही मास्तरांची बाजू अगदी पाडली नाही. इंटेलच्या चिपांच्या पोटातल्या एका छोट्या नियंत्रक यंत्रणेत मिनिक्स वापरलं जातं, हे २०१७ साली उघड झालं. जगातल्या असंख्य संगणकांत गुरू-शिष्य एकाच छताखाली नांदत आहेत, फक्त मालकाला माहीत नाही.

उशिराचं सबमिशन

हे सगळं चालू असताना विद्यापीठ काय करत होतं? माझ्या मते विद्यापीठाने फार मोठं काम केलं: ते आड आलं नाही. फिनलंडमध्ये विद्यापीठाला फी नव्हती. पदवी किती वर्षांत घ्यावी याचा धोशा नव्हता. विद्यापीठांचं जाळं इंटरनेटला लवकर जोडलं गेलं होतं. देशाची लोकसंख्या तेव्हा पन्नास लाख, म्हणजे २०११च्या जनगणनेतल्या पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन शहरांच्या बेरजेइतकी. तेवढ्यातून लिनक्स निघालं. त्याआधी, १९८८मध्ये, औलू विद्यापीठात इंटरनेटवर गप्पा मारायची आयआरसी ही पद्धत निघाली होती, आणि १९९५मध्ये हेलसिंकीच्याच तंत्रविद्यापीठात दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे काम करू देणारं एसएसएच निघालं. तिन्हींच्या मागे एखादा तरुण, फुकटचं नेटवर्क आणि कुणी हिशेब न विचारलेला वेळ होता.

लीनुस शिकवण्याच्या कामालाही लागला. १९९३च्या हिवाळ्याआधी त्याच्याकडे संगणकाच्या प्राथमिक अभ्यासक्रमाचा स्वीडिश वर्ग होता. पहिला गृहपाठ म्हणून त्याने विद्यार्थ्यांना सांगितलं, मला एक ई-मेल पाठवा. एका विद्यार्थिनीने त्या ई-मेलमध्ये लिहिलं, फिरायला येणार का? तिचं नाव तोवे मोन्नी. कराटेत ती सहा वेळा फिनलंडची विजेती. पुढे त्यांचं लग्न झालं. गृहपाठ वेळेवर करण्याचे असेही फायदे असतात.

१४ मार्च १९९४ रोजी आवृत्ती १.० विद्यापीठाच्या सभागृहात जाहीर झाली, तेव्हा कोडच्या ओळी पावणेदोन लाखांवर गेल्या होत्या. त्याच वर्षी डिजिटल इक्विपमेंट या कंपनीतल्या जॉन हॉल यांनी खटपट करून त्याला अल्फा प्रोसेसरचं यंत्र मिळवून दिलं. इंटेलशी काही संबंध नसलेल्या या यंत्रावर लिनक्स न्यायचं, तर कर्नलमधला यंत्राला चिकटलेला भाग एकीकडे आणि बाकीचा एकीकडे, अशी वाटणी करणं भाग होतं. दोन वर्षांपूर्वी मास्तरांनी नेमकं जिथे बोट ठेवलं होतं, तिथेच तो आता काम करत होता. मार्च १९९५मधली १.२ ही आवृत्ती अल्फासकट अनेक जातींच्या यंत्रांवर चालू लागली.

आणि मग कुठे सबमिशन झालं. प्रवेश घेतल्याला आठ वर्षं उलटून गेली होती, पहिल्या आवृत्तीला पाच. १९९७च्या सुरुवातीला त्याने एम.एस्सी.चा प्रबंध दिला आणि बायको-मुलीसह कॅलिफोर्नियाला नोकरीवर गेला. प्रबंधाच्या शीर्षकाचा मराठीत अर्थ होतो: 'लिनक्स : कुठल्याही यंत्रावर नेता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम'. ऑगस्ट १९९१च्या त्या निवेदनात 'दुसऱ्या यंत्रावर नेता येणार नाही' हे त्याने ठासून लिहिलं होतं. स्वतःचंच वाक्य खोटं ठरवल्याबद्दल पदवी मिळालेला हा विद्यार्थी. याच विद्यापीठाने २००० साली त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली.

विहीर अजून उघडी

एप्रिल २००५मध्ये पुन्हा अडलं. कर्नलमध्ये शेकडो लोकांचे बदल येत होते आणि ते सांभाळायला वापरत असलेल्या खासगी सॉफ्टवेअरची फुकट सोय बंद झाली. लीनुस ३५ वर्षांचा होता, पण सवय क्यूएलच्या काळातलीच. ३ एप्रिलला लिहायला घेतलं आणि ७ एप्रिलला त्या नव्या साधनाचा स्वतःचा कोड त्यातच सांभाळला जाऊ लागला. नाव दिलं गिट. इंग्रजांच्या बोलीत गिट म्हणजे नकोसा, आडमुठा माणूस. मी सगळ्या प्रोजेक्टांना स्वतःचंच नाव देतो, आधी लिनक्स आणि आता गिट, असा विनोद त्याने स्वतःवर केला. काही महिन्यांतच त्याने ते काम जुनिओ हामानो यांच्याकडे सोपवलं. ते आजही त्यांच्याकडेच आहे.

आता पुण्यात येऊ. पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. २०१८ साली तिथे 'प्रत्यूष' हा महासंगणक आला आणि २६ सप्टेंबर २०२४ रोजी ११.७७ पेटाफ्लॉप्सचा, म्हणजे सेकंदाला अकरा हजार सातशे लाख कोटींहून जास्त आकडेमोडी करणारा, 'अर्क' सुरू झाला. मान्सून कधी येणार, किती पडणार याची गणितं अशा यंत्रांवर होतात. दोन्ही लिनक्सवरचे. जूनमध्ये आभाळाकडे पाहत पेरणीची वाट बघणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत जो अंदाज पोचतो, त्याच्या वाटेत कुठे तरी तो ए आणि बीचा पडदा येतो. त्या यंत्राच्या हजारो प्रोसेसरांत कुणाची पाळी केव्हा, हे अजूनही काकाच पाहतात.

आणि त्याच पुण्यात, ब्लॅक बुक बांधून घ्यायला रांगेत उभं असलेलं पोरगं आदल्या रात्री दोन वाजता ग्रुपमधल्या मित्राला म्हणालेलं असतं, 'कोड गिटवर टाक रे, माझा लॅपटॉप बसला.' दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या अडचणीतून आलेली ही साधनं ते पाणी प्यावं इतक्या सहज वापरतं. त्या पोराची हुशारी कमी आहे असं मला कधी वाटलं नाही. त्याला ऑगस्टमध्ये टायटल पास करून घ्यायचं असतं, ऑक्टोबरमध्ये पहिला रिव्ह्यू, जानेवारीत दुसरा, मध्ये कॅम्पसच्या मुलाखती. स्वतःचं नेमकं काय अडलं आहे, हे शोधायला त्याला कुणी वर्षभरात एक मोकळी दुपार देत नाही. आणि ज्याचं काही अडलेलंच नाही, तो लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम करतो. करून काय करणार? लायब्ररीला ती नको असते, त्यालाही नको असते.

लिनक्सच्या कर्नलमध्ये आज सुमारे चार कोटी ओळी आहेत आणि दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. त्या कोडात एक फार मोठा भाग ड्रायव्हरांचा आहे: कॅमेरे, नेटवर्क कार्डं, आणि हार्ड डिस्कांच्या तर नाना जाती. त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ कुठे तरी कुणाचं तरी यंत्र चालत नव्हतं म्हणून लिहिली गेली आहे. 'दुसरी हार्ड डिस्क बहुधा कधीच चालणार नाही' असं लिहिणाऱ्या पोराला जे दिसत होतं, तेवढंच त्याने लिहिलं होतं. त्याच्या खोलीत तेव्हा एकच हार्ड डिस्क होती.